तव्यावर पळणारा थेंब

घावन घालायच्या आधी बिडाच्या तव्यावर पाणी शिंपडून बघतात ना, त्यात एक भारी गंमत लपलीय. तवा बेताचा तापला असेल तर थेंब चर्र करून क्षणात उडून जातो. पण आच वाढवा आणि पुन्हा शिंपडा. आता थेंब मोत्यासारखा गोल होतो, तव्यावर सैरावैरा पळतो आणि आटायचं नावच घेत नाही! जास्त गरम तव्यावर पाणी जास्त वेळ टिकतं. आहे की नाही उफराटा कारभार?

होतं असं, की थेंब टेकायच्या आतच त्याच्या तळाची वाफ होते. तो त्या वाफेच्या पातळ थरावर तरंगत राहतो, आणि वाफेतून उष्णता सावकाश जाते. यासाठी तवा साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला लागतो.

योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने लाल तापलेल्या लोखंडी चमच्यात थेंब टाकून, लंबकाच्या झोक्यांवर वेळ मोजत हे तपासलं आणि १७५६ मध्ये चक्क साध्या पाण्याच्या गुणांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. मला हा माणूस फार आवडतो.

आणि तवा सपाट असतानाही थेंब पळतो कसा? त्याचं उत्तर यायला २०१८ उजाडलं! फ्रेंच संशोधकांना दिसलं, की लहान थेंबाच्या आतलं पाणी चाकासारखं फिरतं आणि थेंब स्वतःच स्वतःला ढकलतो.

करून बघाच. फक्त नॉनस्टिक तव्यावर नको, रिकामा फार तापला तर त्याचा लेप खराब होऊ शकतो.