दुर्मीळ घड्याळ कशाला म्हणावे?

कुटुंबाची वाटणी होते तेव्हा सोन्याचा आणि चांदीचा भाव सर्वांनाच ठाऊक असतो. अडते ते तिजोरीतील आजोबांच्या खिशातील घड्याळापाशी. एक भाऊ 'दुर्मीळ आहे' म्हणतो, दुसरा 'मोडीत घाला' म्हणतो. आधार दोघांकडेही नसतो. असा आधार कसा शोधावा हे अमेरिकेतील रेल्वे-घड्याळांवरून चांगले उमगते, कारण तेथील कारखान्यांनी प्रत्येक यंत्रावर अनुक्रमांक कोरला आणि त्यांच्या नोंदींचा बराच भाग टिकून राहिला.

एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यातील किप्टन येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. एका इंजिनचालकाचे घड्याळ काही मिनिटे मागे पडले होते, असे त्याचे कारण सांगितले जाते. त्यानंतर वेब बॉल यांच्या देखरेखीखाली रेल्वेच्या घड्याळांचे नियम कडक झाले: किमान १७ ज्वेल, पाच वेगवेगळ्या स्थितींत जुळवणी, आठवड्याला ३० सेकंदांहून अधिक चूक नाही. वॉल्थम, एल्जिन, हॅमिल्टन या कंपन्यांनी या नियमांत बसणारी घड्याळे प्रचंड संख्येने तयार केली. हॅमिल्टनचे २१ ज्वेलचे '९९२' हे यंत्र तर लाखांच्या हिशेबात निघाले. तेव्हा शंभर वर्षांचे वय आणि 'रेल्वे-घड्याळ' ही ओळख, एवढ्याने दुर्मीळता सिद्ध होत नाही.

दुर्मीळता असते ती उपप्रकारात. वॉल्थमच्या 'व्हॅनगार्ड' या मालिकेतील काही घड्याळांत चावी किती शिल्लक आहे हे दाखवणारा लहानसा काटा असतो. साध्या व्हॅनगार्डपेक्षा त्यांना कितीतरी अधिक मागणी असते. फर्ग्युसन पद्धतीच्या तबकडीवर मिनिटांचे आकडे मोठे व कडेला, तर तासांचे आकडे लहान व आत असतात. हीसुद्धा क्वचित दिसते. पण या दोन वैशिष्ट्यांचे वजन सारखे नाही. तबकडी दोन-तीन बारीक स्क्रू सैल केले की निघते आणि दुसरी बसते. चावीदर्शक काट्याला मात्र यंत्रातच जास्तीची चाके लागतात; ती नंतर बसवणे सोपे काम नव्हे. म्हणून वैशिष्ट्य यंत्रात आहे की केवळ तबकडीवर, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. डबीचे तर विचारूच नये. त्या काळी अमेरिकन ग्राहक यंत्र आणि डबी अनेकदा वेगवेगळी निवडून सराफाकडून जोडून घेत असे. डबीवरील क्रमांक यंत्राच्या क्रमांकाशी जुळत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आणि डबी भारी आहे म्हणून यंत्र भारी ठरत नाही.

यानंतर मोजणी. कारखान्याच्या वहीत एखाद्या दर्जासाठी हजार क्रमांक राखून ठेवलेले दिसतात. पण राखलेले क्रमांक म्हणजे विकलेला माल नव्हे, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. शिवाय तयार झालेले सारे टिकले असेही नाही. जानेवारी १९८० मध्ये सोने औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढले, तेव्हा कितीतरी सोन्याच्या डब्या वितळल्या गेल्या आणि आतली यंत्रे खणात पडून राहिली. मूळ सोन्याच्या डबीसह टिकलेले घड्याळ म्हणूनच वहीतील आकड्यापेक्षा विरळ असते.

जाणकार संग्राहक त्यामुळे वहीबरोबर बाजारही मोजतात. लिलावांत आणि संग्रहांत दिसलेले क्रमांक ते वर्षानुवर्षे टिपून ठेवतात. समजा, एका दर्जाच्या २०० घड्याळांत हवा असलेला उपप्रकार सहा वेळा दिसला, तर प्रमाण शेकडा तीन. पण येथे एक फसगत आहे. विशेष वस्तू लोक हौसेने पुढे आणतात, साधी खणातच राहते. त्यामुळे खरे प्रमाण शेकडा तीनपेक्षाही कमी असण्याची शक्यता अधिक.

एवढे करूनही किंमत हाती येत नाही. गिऱ्हाईक नसलेला माल गोदामात एकच नग असला तरी त्याला भाव नसतो. विस्मृतीत गेलेल्या एखाद्या लहान कारखान्याचे विरळ यंत्र महिनोन् महिने पडून राहते. '९९२' लाखांनी असूनही विकले जाते, कारण त्याचे सुटे भाग मिळतात आणि नाव ओळखीचे आहे.

आपल्याकडील तिजोऱ्यांत अमेरिकन घड्याळापेक्षा स्विस घड्याळ निघण्याचा संभव जास्त. तबकडीवर 'वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे, कलकत्ता' असे असेल, तर ते विकणाऱ्या पेढीचे नाव आहे. यंत्र कोणाचे, हे मागचे झाकण उघडल्यावरच कळते. जाणत्या घड्याळजीकडून झाकण उघडून घ्यावे, यंत्रावरील अक्षरे व क्रमांक यांचे स्पष्ट छायाचित्र काढावे. डबीला पॉलिश करू नये, तडा गेलेली मिन्याची तबकडी बदलू नये. वाटणीच्या घाईत नेमकी हीच दोन कामे आधी उरकली जातात. जुनी पावती सापडली तर ती घड्याळासोबतच ठेवावी.

वाटणीसाठी डबीतील सोन्याचे वजन ही किमान रक्कम धरता येईल. त्यावरची रक्कम ठरवताना त्याच उपप्रकाराचे, तशाच स्थितीतील घड्याळ प्रत्यक्ष कितीला विकले गेले ते पाहावे. विक्रेत्याने किती मागितले होते, तो आकडा वहीत लिहू नये.