बराकींची पाऊणशे वर्षं

उल्हासनगरात पत्ता सांगायची रीत अजून जुनीच आहे. बराक नंबर, खोली नंबर, सेक्शन, कॅम्प. खाली मोबाइलचं दुकान, वर ट्यूशन क्लास आणि त्यावर चार मजले असलेल्या इमारतीतला माणूसही पत्ता लिहिताना आधी बराकीचा नंबर लिहितो. बराक पडून दोन पिढ्या झाल्या तरी नंबर तिथेच. टपाल खात्यानं पाच कॅम्पांना ओळीनं पिनकोड दिले, 421001 ते 421005. त्यातला पहिला कॅम्प 1 चा. शहाड स्टेशन, बिर्ला गेट आणि मुरबाड रस्त्याच्या बाजूचा.

कॅम्प 1 मध्ये गल्लीबोळ हिंडताना मधूनच एखादी जुनी, लांबट, उतरत्या छपराची बराक दिसते आणि प्रश्न पडतो: ही टिकली कशी? खरा प्रश्न मात्र दुसरा आहे. हिच्यात माणसं पाऊणशे वर्षं राहिली, आणि राहता राहता त्यांनी हिचं काय काय केलं? उल्हासनगरवर आजवर बोललं गेलं ते व्यापाराबद्दल, नकली मालाबद्दल, फाळणीच्या दुःखाबद्दल. घराबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प उभा राहिला. 6,000 सैनिक आणि आणखी 30,000 माणसं राहतील एवढा. बराकी होत्या 2,126. बहुतेकींचा आराखडा एकच: मधे मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपलं, पलटणी गेल्या, कॅम्प ओस पडला. मग फाळणी झाली आणि कराचीहून बोटीनं, राजस्थानमार्गे रेल्वेनं सिंधी कुटुंबं येऊ लागली. सरकारला रिकामी छपरं हवीच होती. सुमारे लाखभर माणसं या पाच कॅम्पांत आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या नगराचा पाया घातला आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. कागदावर कॅम्प संपला, बोलण्यातून आजतागायत गेलेला नाही.

एकसाच्याच्या अशा बराकींना कोणी प्रीफॅब म्हणेल, पण काटेकोर बोलायचं तर त्या प्रीफॅब नव्हेत. प्रीफॅब म्हणजे कारखान्यात भाग तयार करून जागेवर जोडलेलं घर. मेजर पीटर निसेनची 1916 ची अर्धगोल पत्र्याची झोपडी किंवा अमेरिकी नौदलाची 1941 ची क्वॉन्सेट हट, ही खरी प्रीफॅब. कल्याणच्या बराकी भिंतींच्या होत्या. पण जात तीच. एक नकाशा, त्याच्या हजारो नकला, घाईचं काम, आणि गरज सरली की मोडायच्या या बोलीवर बांधलेल्या. म्हणून जगभरच्या प्रीफॅब घरांचं जे झालं, तेच थोड्याफार फरकानं इथे झालं: तात्पुरत्याला माणसानं घर करून टाकलं.

आधी हॉलचं पाहू. सैनिकांसाठी हॉल ठीक, ओळीनं खाटा टाकल्या की झालं. पण चार-सहा कुटुंबं एका हॉलमध्ये आली तेव्हा पहिली भिंत उभी राहिली ती गोणपाटाची, चादरीची, साडीची. पलीकडच्या घरातलं बोलणं ऐकू येणार, पोर रडलं तर सगळी बराक जागी होणार. टोकाची खोली ज्याच्या वाट्याला आली तो भाग्यवान. त्याला तीन बाजूंनी खरी भिंत. मधल्यांना दारही एकच, तेही सगळ्यांचं. नळ सार्वजनिक, संडास सार्वजनिक. ज्यांनी सिंधमध्ये दुमजली हवेल्या सोडल्या होत्या, त्यांनी इथे साडीचा पडदा ओढून संसार मांडला. यावर सिंधी लेखकांनी पुष्कळ आणि उत्तम लिहिलंय, ते मिळवून वाचावं.

पुढे चादरीच्या जागी विटेची अर्ध्या फुटाची भिंत आली. छोटी गोष्ट वाटते, पण इथून बराकीचं बांधकामशास्त्र बदललं. मूळ बराक म्हणजे बाहेरच्या भिंती, त्यांवर कैच्या, कैच्यांवर वासे-रीपर आणि छप्पर. सगळं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. आता आत आडव्या भिंती आल्या, त्या कैचीपर्यंत वर नेल्या नाहीत तर उंदीर, धूर आणि आवाज वरून जातात; नेल्या तर कैचीचा भार नको तिथे उतरतो. लोकांनी दुसरा पर्याय निवडला. स्वाभाविक होतं.

1954 च्या विस्थापितांच्या नुकसानभरपाई व पुनर्वसन कायद्यानं ताब्यातली खोली मालकीची होण्याची वाट उघडली. सिंधमध्ये सोडलेल्या मालमत्तेच्या दाव्यातून किंमत वळती करता येत होती. सनद हातात आली आणि माणूस भिंतीला खिळा ठोकताना कचरेनासा झाला. पण सनद मिळाली खोलीची. छप्पर, सामाईक भिंत, जोतं, मागची गल्ली, पावसाचं पाणी या सगळ्यांची मिळून होती बराक, आणि बराकीचा मालक कोणीच नव्हता. पुढच्या सगळ्या गुंत्याचं मूळ माझ्या मते इथे आहे.

1960 मध्ये नगरपालिका झाली, बाजार वाढला. त्याआधीच शहाडला सेंचुरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला होता आणि कॅम्प 1 च्या वेशीवर मराठी, उत्तर भारतीय, दक्षिणी कामगार वस्तीला आले. घरं वाढू लागली ती पुढे आणि मागे. पुढचा ओटा भिंतीत घेऊन स्वयंपाकघर झालं. मागे मोरी, मग मोरीशेजारी संडास. दोन बराकींमधली मोकळी जागा, जिच्यातून वारा खेळायचा आणि आग लागली तर गाडी शिरायची, ती दोन्हीकडून एकेक फूट करत संपली. मग उंची. छपराच्या उताराखाली मधोमध भरपूर उंची मिळते, तिथे लाकडी पोटमाळा. थोरला मुलगा लग्नाचा झाला की माळा वर सरकायचा. भिंतीवर चार थर विटा चढवून पत्रा उंच करायचा. पुढे लोखंडी गर्डर टाकून त्यावर लादी, लादीवर कोबा, आणि वर आणखी एक खोली.

यातलं पुष्कळ काम चांगलं होतं, हे सांगितलंच पाहिजे. आर्किटेक्ट नाही, कर्ज नाही, गवंडी ओळखीचा, पैसे भिशीचे; तरी माणसांनी दहा बाय बाराच्या खोलीत शिक्षण, लग्नं, बाळंतपणं आणि बरेचदा शिवणयंत्राचा धंदाही बसवला. नगररचनेच्या पुस्तकात याला जागा नाही, पण घर दुरुस्त करत करत जगण्याचा एवढा मोठा प्रयोग महाराष्ट्रात क्वचितच झाला असेल.

दोषही तेवढेच. मधल्या घरानं कैची कापून स्लॅब टाकला की दोन्ही शेजाऱ्यांचं छप्पर लंगडं होतं. उतरतं छप्पर आणि सपाट स्लॅब जिथे भेटतात तिथे पन्हळ नीट बसत नाही, आणि दर पावसात त्या सांध्यातून पाणी सामाईक भिंतीत उतरतं. भिंतीला ओल आली की लोक सिमेंटचा जाड गिलावा मारतात. ओल आत कोंडते, वर चढते आणि गिलावा फुगून पडतो. रस्ता दरवर्षी डांबराच्या थरानं उंच होतो, त्यामुळे जुन्या बराकीचं जोतं रस्त्याच्या खाली गेलं. 26 जुलै 2005 ला वालधुनी नदी चढली तेव्हा अशा खोलगट घरांची काय गत झाली ते वेगळं सांगायला नको.

आता थोडं बाहेर बघू. सिंधी कुटुंबं बराकींत येत होती त्याच काळात दिल्लीत खरंखुरं प्रीफॅब करून पाहिलं गेलं. मूळचे जर्मन वास्तुरचनाकार ऑटो कोनिग्सबर्गर यांच्या देखरेखीखाली सरकारी गृहनिर्माण कारखाना निघाला, हलक्या काँक्रीटची तयार पॅनेलं जोडून निर्वासितांना घरं द्यायची योजना. पॅनेलंच तडकू लागली, संसदेत गदारोळ झाला आणि कोनिग्सबर्गर लंडनला गेले. ब्रिटननं युद्धानंतर 1,56,000 हून अधिक प्रीफॅब घरं उभारली, आयुष्य धरलं होतं दहा वर्षांचं. लंडनच्या कॅटफर्डमधल्या एक्सकॅलिबर वसाहतीतली 187 घरं साठ वर्षांनंतरही वापरात होती. 2009 मध्ये त्यांतल्या सहांना वारसा यादीत घेतलं गेलं, बाकीच्यांवर पुढे हातोडा पडला. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो तिथला 1984 चा सदोष घरांचा कायदा. कौन्सिलकडून विकत घेतलेली तयार काँक्रीटची घरं आतून सळई गंजून तडकत होती आणि बँक त्यांवर कर्ज देईना. सरकारनं दुरुस्तीसाठी अनुदान दिलं; बाहेरची काँक्रीटची पॅनेलं काढून त्या जागी विटांची भिंत आणायची, आतला संसार तसाच. दोष एकाच पद्धतीचा होता, म्हणून उपायही एकाच पद्धतीचा ठरवता आला.

घरच्या अंगणातलं उदाहरण कोल्हापूरजवळ वळिवड्याचं. 1943 पासून तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतांश बायका आणि मुलं, कौलारू बराकींत राहत होते. 1948 नंतर तिथेही सिंधी कुटुंबं आली आणि त्याचं गांधीनगर झालं, आज कापडाची मोठी बाजारपेठ. पोलिश मंडळींचे वंशज आपल्या आजीची बराक शोधत येतात, त्यामुळे वळिवड्याला निदान स्मारक मिळालं. उल्हासनगरच्या बराकी शोधायला परदेशातून कोणी येत नाही. ज्यांची आजी तिथे राहिली ते बहुतेक तिथेच आहेत.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत बराकीवर बिल्डर आला. चार-पाच खोल्या एकत्र करायच्या, प्रत्येक मालकाला वर एक फ्लॅट, बाकी विकायचे. परवानगी एका मजल्याची किंवा तीही नाही, बांधकाम पाच मजल्यांचं. प्लॉट बराकीच्या खोल्यांएवढाच, त्यामुळे दोन इमारतींमध्ये हात जाईल एवढीही फट नाही. 1996 मध्ये महापालिका झाली, तोवर गाडी पुढे निघून गेली होती. पुढे उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, 855 बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश निघाला, शहर हादरलं, मोर्चे निघाले, आणि 2006 मध्ये राज्य सरकारनं खास उल्हासनगरपुरता कायदा करून दंड भरून बांधकामं नियमित करण्याची सोय काढली. प्रत्यक्षात नियमित झाल्या फार थोड्या.

मग मे 2021. पंधरा तारखेला कॅम्प 1 मधल्या मोहिनी पॅलेस इमारतीचा स्लॅब कोसळला, अठ्ठावीसला नेहरू चौकातल्या साई शक्तीचा. वरचा स्लॅब खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर. दोन दुर्घटनांत मिळून दहाहून अधिक माणसं गेली. इमारती नव्वदच्या दशकातल्या, जेमतेम पंचवीस-सत्तावीस वर्षांच्या. त्या काळात वाळूची टंचाई होती आणि हलकी रेती वापरली गेली, असं तेव्हा सांगितलं गेलं. स्ट्रक्चरल ऑडिटच्या नोटिसा निघाल्या. ज्या बराकी पाडून अशा इमारती आल्या, त्यांच्या बहिणी दोन गल्ल्या पलीकडे उभ्या होत्या, वयानं पन्नास वर्षांनी मोठ्या. बराक उत्तम होती असं यातून निघत नाही. एक मजल्याचा हलका भार जाड भिंतींवर होता आणि डोळ्यांना दिसेल असा मोडत होता, एवढंच. छपराची गळती माणसाला आधी सांगते. स्लॅबमधली सळई गंजते ती आतल्या आत.

म्हणून आज उरलेल्या बराकी आधुनिक राहणीसाठी नीट करायच्या तर काय करावं, याचं उत्तर मला फार अवघड वाटत नाही. अवघड आहे ते कोणी करावं. छप्पर टोकापासून टोकापर्यंत एकदम करायला हवं: कैच्या तपासून, कुजक्या बदलून, वर कौल किंवा दुहेरी पत्रा आणि मध्ये हवेला वाट, म्हणजे मेमधली भट्टी कमी होते. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असणार हे धरून चालावं. ते फोडू नयेत, भोकं पाडू नयेत, ओले करून अख्खे उतरवावेत. भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा उतरवून चुनामिश्रित करावा. ठाणे जिल्हा भूकंपाच्या तिसऱ्या श्रेणीत येतो, तेव्हा दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या बराकीभोवती जाळी आणि गिलाव्याचा एक सलग पट्टा बांधून घ्यावा. विटांच्या जुन्या घरांच्या बळकटीकरणासाठी भारतीय मानक 13935 आहेच. किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात लाखाहून अधिक घरं जागच्या जागी अशीच बळकट केली गेली, मालकांनीच, सरकारी मदत आणि देखरेख घेऊन. मागे हातभर चौक सोडला तरी वारा पुन्हा आरपार येतो. सांडपाणी आणि वीज बराकीच्या लांबीनं एकाच मार्गात न्यावी.

या यादीत एकट्या खोलीवाल्याला करता येईल असं जवळपास काहीच नाही. आणि कायदा ओळखतो तो एकट्या खोलीवाल्याला. मुंबई शहरात 1969 पासून जुन्या चाळींच्या दुरुस्तीसाठी उपकर गोळा होतो आणि त्यातून दुरुस्ती मंडळ काम करतं. त्या व्यवस्थेवर शंभर टीका होतील, पण इमारत ही एक वस्तू आहे हे तिला मान्य आहे. ती सोय मुंबईच्या बेटापुरती. कल्याणपलीकडे राहणाऱ्याला आहे ती नोटीस.

महापालिकेनं उरलेल्या बराकींची एकदा मोजणी करून नकाशे काढावेत, बराकीगणिक दुरुस्ती संस्था नोंदवायची मुभा मागावी आणि पहिली एक बराक स्वतःच्या खर्चानं नीट करून दाखवावी. त्यासाठी सुरुवात कॅम्प 1 पासून करायला हरकत नाही. आणि ज्यांच्या घरात अजून मूळ भिंत आहे, त्यांना एक विनंती: स्लॅबसाठी ठेकेदाराला बयाणा देण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना आणि एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकत्र घरी बोलवा.