बाळाचे घड्याळ

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. औशात आमच्या शेजारची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ दीड महिन्याचे. दिवसभर ते झोळीत गाढ झोपे आणि रात्री दर दोन तासांनी उठून साऱ्या गल्लीला जागे करी. एके दिवशी ती थकून म्हणाली, "काका, याला झोपेचं काही औषध मिळत नाही का?"

हा प्रश्न जुनाच आहे. १९२० च्या सुमारास मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या आया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत. गिरणीकामगार स्त्रियांची जवळजवळ सर्वच मुले ही गोळी खातात, असे डॉ. बार्न्स यांना पाहणीत आढळले. अफूने मूल निजते खरे. पण मेंदूतील श्वास चालवणारे केंद्रही मंदावते. भूक लागली तरी मूल रडत नाही, आणि कधी कधी त्याचा श्वासच थांबतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाळाला झोपेचे कोणतेही औषध देऊ नये.

मग बाळ रात्री उठते तरी का? एक कारण भूक. पोट लहान, म्हणून पहिले काही महिने रात्रीही दूध हवेच. दुसरे कारण असे की, त्याच्या शरीरातील घड्याळ अजून लागलेले नसते. शिकागो विद्यापीठातील क्लाइटमन आणि एंगलमन यांनी १९ बाळांच्या झोपेची अनेक आठवडे नोंद ठेवली व ती १९५३ साली प्रसिद्ध केली. सुरुवातीला दिवसरात्र विखुरलेली झोप हळूहळू रात्रीकडे सरकत जाते, असे त्यांना दिसले.

हे घड्याळ लावतो कोण? मुख्यतः प्रकाश! आपल्या मेंदूतील घड्याळाचा दिवस २४ तासांहून किंचित मोठा असतो. मागे पडणारे घड्याळ आपण रोज लावून घेतो, तसे सकाळचा उजेड त्याला रोज लावून घेतो. प्रकाश 'लक्स' या एककात मोजतात. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स, अंगणातील सावलीत काही हजार, तर दिवा लावलेल्या खोलीत जेमतेम शंभर-दोनशे लक्स असतात. डोळा जुळवून घेतो, म्हणून एवढा मोठा फरक आपल्याला जाणवत नाही.

आता बाळंतिणीची खोली आठवा. वारा लागू नये म्हणून दिवसा दारे-खिडक्या बंद आणि रात्री ट्यूबलाइट चालू. बिचाऱ्या घड्याळाला दिवस कोणता, रात्र कोणती, हे कळणार कसे?

आणखी एक गोष्ट पाहू. मोठ्यांच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे, बाळाचे ५० ते ६० मिनिटांचे. आवर्तन संपले की सारेच जरा चाळवतात. आपण कूस बदलून पुन्हा झोपतो. पण झोक्यावरच झोपलेल्या बाळाला झोका थांबलेला आढळतो आणि ते रडू लागते.

म्हणून आम्ही ठरवले ते इतकेच : सकाळी बाळाला अंगणाच्या सावलीत आणायचे. संध्याकाळी अंग पुसणे, दूध, अंगाई हा क्रम रोज तोच ठेवायचा. डोळे जड झाले, पण मिटले नाहीत, तोच पाठीवर निजवायचे. रात्री मंद दिव्यात, न बोलता दूध पाजायचे. ताप आला, बाळ दूध पिईना किंवा नेहमीपेक्षा सुस्त दिसले, तर मात्र थेट डॉक्टरांकडे न्यायचे.

संक्रांतीपर्यंत बाळ रात्री दोनदाच उठू लागले. यात उपायांचा वाटा किती आणि वाढत्या वयाचा किती, हे एका बाळावरून सांगता येणार नाही. त्यासाठी पुष्कळ नोंदी हव्यात. तुमच्या घरी तान्हे बाळ असेल, तर चौकटीच्या वहीत रोज २४ घरांची एक ओळ आखा आणि झोपेचे तास काळे करा. चार आठवड्यांनी पान लांब धरून पाहा. काळी घरे कोणत्या बाजूला सरकली?