उशीर वेळेत कळावा म्हणून

परिचारिका म्हटलं की इंजेक्शन, सलाईन आणि औषधांच्या वेळा एवढंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं. लहान मुलांची परिचारिका असेल तर त्यात लसीकरणाची भर पडते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या माझ्या नोकरीत हे सगळं आहेच. पण माझा बराच वेळ वेगळ्या गोष्टीत जातो. मूल मान धरतं का, बसतं का, हाकेला वळून बघतं का, बोलायला लागलं का आणि नसेल तर का नाही, हे पाहण्यात. मुलांच्या मेंदूविकासाशी निगडित अशी ही सेवा. तिच्याविषयी सांगावंसं वाटतं, कारण तिचा मोठा भाग रुग्णालयात नव्हे, तर घरात पार पडतो.

पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलाचा मेंदू जितक्या वेगानं घडतो, तितका पुढे कधीच घडत नाही. एखाद्या भागाला इजा झालेली असली, तरी या काळात दुसरे भाग ते काम काही प्रमाणात शिकून घेऊ शकतात. मात्र त्यासाठी मेंदूला योग्य अनुभव मिळावे लागतात आणि ते वेळेत मिळावे लागतात. ऐकण्याचंच उदाहरण घ्या. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाची पहिली तपासणी महिनाभरात, निदान तीन महिन्यांच्या आत आणि श्रवणयंत्रासारखा उपाय सहा महिन्यांच्या आत व्हावा, असं तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे पुष्कळदा मूल तीन वर्षांचं होऊनही बोलत नाही, तेव्हा कुठे कानाकडे लक्ष जातं. तोवर भाषा शिकण्याचा सगळ्यात सोपा काळ निघून गेलेला असतो.

हा प्रश्न मोजक्या घरांचा आहे, असंही नाही. देशातल्या पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर गोव्याचाही समावेश होता. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १२ टक्के मुलांत मेंदूविकासाशी संबंधित निदान एक तरी अडचण त्या पाहणीत आढळली. त्यात ऐकण्या-बघण्याचे दोष, फिट्स, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अतिचंचलता आणि शिकण्यातल्या अडचणी असं सगळं होतं. म्हणजे साधारण आठ मुलांमागे एक. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात अशी चार-पाच मुलं असू शकतात. मास्तरांच्या लेखी ती बऱ्याचदा ‘ढ’ किंवा ‘वांड’ असतात.

काही बाळांवर जन्मापासूनच अधिक लक्ष ठेवावं लागतं. दिवस भरण्याआधी जन्मलेली, फार कमी वजनाची, जन्मल्यावर लगेच न रडलेली, कावीळ खूप वाढलेली, मेंदूज्वर किंवा फिट्स येऊन गेलेली ही बाळं. पुण्यातल्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळातल्या दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा थेट ती अठरा वर्षांची होईपर्यंत केला. बहुसंख्य मुलं चारचौघांसारखी वाढली. पण त्यांच्यापैकी अनेकांना गणित, वाचन, हातांची सफाई यांत शाळेच्या वयात अडचणी आल्या. बाळ काचेच्या पेटीतून सुखरूप घरी आलं म्हणजे काळजी संपली, असं नसतं, हा त्यातला धडा. बाळ घरी येतं, तेव्हा आमचं काम सुरू होतं.

हे काम करायला लागल्यापासून मी एका व्यक्तीला आवर्जून गाठते. बाळाला न्हाऊ-माखू घालणारी मावशी किंवा आजी. तिचे हात रोज त्या अंगावरून फिरत असतात, त्यामुळे डॉक्टरांच्या आधी तिला कळतं. ती म्हणते, ‘हिचे पाय लई ताठ हायेत, लंगोट बांधताना मांड्या उघडतच न्हाईत.’ किंवा, ‘हा पार लोळागोळा हाय, हातातून निसटतो.’ या वाक्यांचं मोल मोठं आहे. मांड्या न उघडणं, उभं धरल्यावर पायांची कात्री होणं, तीन-चार महिन्यांनंतरही अंगठा मुठीत गच्च धरून ठेवणं, एकच हात वापरणं, ही स्नायूंच्या ताठरपणाची सुरुवातीची लक्षणं असू शकतात.

घरच्यांनी लक्षात ठेवावेत असे टप्पे फार नाहीत. दोन महिन्यांच्या सुमारास बाळ आपल्याकडे बघून हसतं. चार महिन्यांपर्यंत मान धरतं. आठ-नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसतं. वर्षाचं होईतो नावानं हाक मारल्यावर वळतं. दीड वर्षाचं होईपर्यंत चालू लागतं, हवी ती वस्तू बोटानं दाखवतं आणि काही शब्द बोलतं. दोन वर्षांचं झालं की ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडतं. पाचदहा दिवस पुढेमागे झाले म्हणून घाबरायचं कारण नाही. पण टप्पा बराच मागे पडला, तर तपासणी करून घ्यावी. आणि आलेली गोष्ट विसरली, म्हणजे बोलणारं मूल बोलेनासं झालं, तर कुठल्याही वयात थांबू नये.

एक हिशेब मात्र समजून घ्यावा. बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत त्याचं वय मोजताना ते दोन महिने वजा करायचे. त्यामुळे आठ महिन्यांचं बाळ सहा महिन्यांसारखं वागलं, तर ते ठीक. पण ‘लवकर झालंय ना, मग होईल हळूहळू’ असं म्हणत वर्ष दीड वर्ष काढायचं नाही. ‘याचा बापही चार वर्षांनी बोलला होता’ हे वाक्य तर मी वाडीवाडीवर ऐकते. बाप बोलला हे खरं असेलही. त्याच्यासारखी न बोललेली मुलं मात्र कुणाच्या आठवणीत राहत नाहीत.

ही तपासणी घरापर्यंत नेण्याची वाट महाराष्ट्रातच पडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नव्वदच्या दशकात ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा स्वयंसेविका नवजात बाळाच्या घरी जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर बेचाळीस दिवसांत सहा वेळा. पुढे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. ज्याला अधिक तपासणी हवी, त्याला पुण्यात औंधच्या जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, अशी रचना आहे.

कागदावर साखळी पूर्ण आहे. ती तुटते वाटेत. मंचरपासून पुणं साठेक किलोमीटर, जुन्नरपासून नव्वदच्या पुढे. आहुप्याच्या किंवा भीमाशंकरच्या बाजूच्या एखाद्या वाडीतल्या आईला आधी घोडेगावला यायचं, मग पुढची एसटी धरायची. दिवसाची मजुरी बुडते, घरातली बाकीची पोरं कुणाकडे तरी ठेवावी लागतात. मेंदूविकासाचा उपचार म्हणजे एका गोळीचं काम नव्हे. तो महिनोन्‌महिने चालतो. त्यात भात कापून झाला की पश्चिम पट्ट्यातली अनेक कुटुंबं नारायणगावच्या मजूर बाजाराची वाट धरतात. ऊसतोडीच्या हंगामात बीड-अहिल्यानगरकडून कोप्या येऊन पडतात आणि चार-पाच महिन्यांनी उठतात. एका कोपीवर सात महिन्यांचं मान न धरणारं बाळ आम्हाला आढळलं होतं. चिठ्ठी दिली, तारीख ठरली. त्या तारखेला कोपीच्या जागी नुसतं पाचट होतं.

म्हणून माझ्या मते या सेवेतलं सर्वांत महत्त्वाचं कौशल्य म्हणजे पाठपुरावा. दोष शोधणं पथकाला एका दिवसात जमतं. त्यानंतर पुन्हा त्या दारात जाणं, फोन करणं, गाव बदललं तर तिथल्या आशाताईंना कळवणं, हे परिचारिकेचं काम. आणि दोन भेटींच्या मधल्या काळात आईलाच उपचार शिकवणं.

हे उपचार महागड्या साधनांचे नसतात. गोधडीची वळकटी करून बाळाच्या छातीखाली द्यायची आणि समोर खुळखुळा वाजवायचा, म्हणजे ते मान उचलायला शिकतं. ताठ पायांच्या बाळाला कडेवर घेताना पाय कमरेच्या दोन्ही बाजूंना फाकवून घ्यायचे. ज्याला गिळायला त्रास होतो, त्याला आडवं ठेवून भरवायचं नाही, टेकवून बसवायचं. भाकरी थापताना, भांडी घासताना त्याच्याशी बोलत राहायचं आणि त्याच्या उत्तराची वाट बघायची. फिजिओथेरपिस्टनं दाखवलेले व्यायाम आंघोळीच्या वेळेला जोडून दिले की ते चुकत नाहीत. आंघोळ रोज होतेच. मांड्या न उघडणाऱ्या अशाच एका मुलीच्या आजीनं हे दोन वर्षं न चुकता केलं. ती मुलगी आज पायाला स्प्लिंट लावून जिल्हा परिषदेच्या शाळेत चालत जाते. पळता येत नाही. पण दप्तर स्वतः उचलते.

आणखी एक गोष्ट औषधाइतकीच महत्त्वाची आहे. असं मूल जन्मलं की बोल आईला लागतो. ग्रहण पाळलं नाही, काहीतरी खाल्लं, डोहाळे पुरवले नाहीत. यातलं काहीही कारण नसतं, हे सासूबाईंच्या आणि नवऱ्याच्या समोर स्वच्छ सांगणं हा मी माझ्या कामाचाच भाग मानते. मोबाइलचंही तसंच. मोबाइलमुळे स्वमग्नता झाली, असं म्हणून आईला दोष देणं बरोबर नाही. मात्र दोन वर्षांच्या आत मोबाइल नको हे खरं, कारण तो माणसांशी बोलण्याचा वेळ खातो. अडचण पक्की ठरली तर मदतीचेही मार्ग आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आता २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही त्यात आल्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अक्षमता असणाऱ्यांसाठी ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे.

आपल्या भागातल्या मुलींनी, आणि मुलांनीही, या क्षेत्रात यावं असं मला फार वाटतं. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं; एम.एस्सी.ला बालआरोग्य परिचर्या हा विषय घेता येतो. महाविद्यालय मोजमापं शिकवतं. वाडीतली बोली, भातलावणीचा महिना, कोणत्या घरात कुणाचा शब्द चालतो, हे मात्र इथल्याच लेकीला ठाऊक असतं. पाठपुराव्यात तेच उपयोगी पडतं.

घरात दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल, तर एक करा. लसीकरणाचं माता-बाल संरक्षण कार्ड बाहेर काढा. त्यात फक्त लशींच्या तारखा नसतात; बाळानं कोणत्या महिन्यात काय करावं, याची चित्रंही असतात. ती बाळाशी ताडून बघा. कुठे शंका आली, तर पुढच्या लशीची वाट न बघता आशाताईंना किंवा सिस्टरना सांगा. शंका खोटी ठरली, तर आमचा एक फेरा वाढेल इतकंच.