कर्करोगाचे उपचार सुरू असताना अंथरूण धरू नका

पवनीकडची एक पन्नाशीची बाई नागपूरला केमोथेरपीचा तिसरा डोस घेऊन माझ्याकडे तपासायला आली. सोबत सून होती. "डॉक्टरसाहेब, आम्ही आईंना पाण्याचा गिलासही उचलू देत नाही," ती मायेने म्हणाली. बाईंची तक्रार मात्र एकच होती, "दिवसभर पडून असते, तरी थकवा जात नाही."

वाचकहो, थकवा न जाण्याचे एक कारण ते पडून राहणेच होते. औषधांनी थकवा येतो हे खरे; पण सतत पडून राहिल्याने स्नायू झिजतात, झोप बिघडते. मग चार पावले टाकली तरी दम लागतो आणि रुग्ण पुन्हा आडवा होतो. थोड्या हालचालीने हे चक्र तुटते.

बरे करण्याच्या हेतूने उपचार सुरू असलेल्या रुग्णांना व्यायाम सांगावा, अशी शिफारस अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली केली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी झालेल्या ८८९ रुग्णांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्या गटात आठ वर्षे जगण्याचे प्रमाण सुमारे ९० टक्के होते, तर केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात ८३ टक्के. अर्थात व्यायाम औषधाला जोड आहे, पर्याय नव्हे.

सुरुवात अंगणात सकाळ-संध्याकाळ ५ ते १० मिनिटे चालण्याने करावी. चालताना बोलता यावे, इतकाच वेग ठेवावा. हळूहळू आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्ध्या तासापर्यंत जावे. खुर्चीवरून पाच-दहा वेळा उठबस करावी. खर्ऱ्यामुळे तोंडाचा कर्करोग होऊन शस्त्रक्रिया झालेल्यांनी जबड्याचे व खांद्याचे व्यायाम डॉक्टरांकडून शिकून घ्यावेत.

ताप १००.४ अंश किंवा अधिक, छातीत दुखणे, चक्कर, धाप किंवा रक्तस्राव, यांपैकी काहीही झाल्यास व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर गाठावा. अंगात रक्त फार कमी असेल किंवा रोग हाडांत पसरला असेल, तर आधी विचारल्याशिवाय व्यायाम करू नये.

जाताना बाईंनी विचारले, "मग रोवणीला जाऊ का?" मी नाही म्हटले. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी कमी होतात. बांधीतल्या चिखलात पायाला जखम झाली, तर साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. "यंदा चप्पल घालून गावातल्या रस्त्याने चाला," मी म्हणालो, "आणि पाण्याचा गिलास स्वतःच घ्या."