बाराव्या रकान्यातले उत्तर

सरकारी नोकरीत रुजू होण्याआधी उमेदवाराच्या पूर्वायुष्याची जी तपासणी होते, तिला चारित्र्य पडताळणी म्हणतात. घाटंजी तालुक्यातून पोलीस किंवा केंद्रीय दलांत जाऊ पाहणाऱ्या मुलांना ग्राऊंड आणि लेखी परीक्षेनंतर हा टप्पा ओलांडावा लागतो. 1600 मीटर धावण्यासाठी ही पोरे वर्षभर पहाटे उठतात. पडताळणीसाठी भरायचा साक्षांकन नमुना मात्र घाईघाईत, कुणाला तरी विचारून भरला जातो. नोकरी जाते ती बहुधा इथे.

खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे ही अपात्रता ठरेल, असा इशारा नमुन्याच्या माथ्यावरच छापलेला असतो. नाव, पत्ता, शिक्षण भरून होते. पेन अडते ते 12 क्रमांकाच्या रकान्यावर; अनेक केंद्रीय नमुन्यांत तो याच क्रमांकावर आहे. कधी अटक झाली का? खटला चालला का? न्यायालयाने दंड केला का? नशा केली होती का, असे तिथे विचारलेले नसते. मित्रांसोबत कधीकाळी ओढलेली चिलीम या रकान्यात येत नाही. तिच्यावरून गुन्हा दाखल होऊन खटला चालला असेल, तर तो येतो.

अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यातील कलम 27 प्रमाणे गांजाच्या सेवनाला 6 महिन्यांपर्यंत कैद, 10 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुलगा गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि घरचे म्हणतात, ‘मिटलं एकदाचं.’ मिटलेले नसते. कबुलीवरून झालेला दंड ही दोषसिद्धीच आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तिथे बाटलीसह पकडले जाऊन दंड झालेला असेल, तर तोही 12 व्या रकान्यातच लिहावा लागतो. व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घेऊ लागला, तर सेवनाच्या खटल्यातून सूट देणारे कलम 64अ याच कायद्यात आहे. ते गावागावांत माहीत असायला हवे.

पडताळणीसाठी नमुना पोलीस ठाण्यात येतो. तिथे नोंदी तपासल्या जातात, गावात चौकशी होते. ‘नाही’ लिहिलेले आणि नोंद सापडलेली, असा कागद मग नियुक्ती अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो.

त्याने काय करावे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात सांगितले. कोवळ्या वयातला किरकोळ गुन्हा दडवला असला, तरी अधिकारी तो माफ करू शकतो. खरे सांगितले म्हणून नोकरी मिळेलच, असेही नाही. पूर्वचारित्र्य तपासण्याचा नियुक्ती अधिकाऱ्याचा अधिकार राहतो. मात्र उमेदवाराला गुन्ह्याची माहितीच नसेल, तर दडवल्याचा ठपका ठेवता येत नाही. त्याआधी 2003 मध्ये निकाल लागलेल्या प्रकरणात केंद्रीय विद्यालयाच्या एका शिक्षकाने 12 आणि 13 या दोन्ही रकान्यांत ‘नाही’ लिहिले होते. खटला पुढे मागे घेतला गेला, इंग्रजी नमुना कळला नाही असेही त्याने सांगितले. न्यायालयाने त्याचे काही ऐकले नाही. परभाषेतला नमुना हातात पडलेल्या खेड्यातल्या मुलाच्या बाबतीत हे कठोरच आहे.

अमेरिकेत गोपनीय कामाच्या परवानगीसाठी सरळ सेवनाबद्दलच विचारतात. एसएफ-86 या नमुन्यात मागील 7 वर्षांचा हिशेब द्यावा लागतो. काही राज्यांत गांजा कायदेशीर झाला, तरी केंद्रीय कायद्याने तो बेकायदा आहे. तिथले खरे उत्तर उमेदवाराविरुद्ध फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरले जाणार नाही, असे आश्वासन नमुन्यातच आहे. जुने, सोडून दिलेले सेवन तिथे बरेचदा अडसर ठरत नाही. खोटे उत्तर मात्र स्वतंत्र गुन्हा ठरतो. आपल्या नमुन्यात असे आश्वासन नाही, आणि ते असायला हवे.

18 वर्षांखालचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे निकाली निघाले असेल, तर 2015 च्या बाल न्याय कायद्यातील कलम 24 मुळे ते सहसा नोकरीच्या आड येत नाही. खटला झालेल्या इतरांनी नमुना भरण्याआधी न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत काढावी, 12 व्या रकान्यात कलम, तारीख आणि निकाल लिहावा आणि ती प्रत सोबत जोडावी.