सागाचा तुकडा

पहाटे 5:20. विरार स्टेशन. मेस्त्रींच्या खांद्यावर पिशवी. आत करवत, दोन रंधे, गुण्या, गिरमिट, पटाश्या. पटाश्यांच्या धारेवर सायकलच्या ट्यूबची टोपणं चढवलेली. गर्दीत कुणाला लागायला नको. फास्ट गाडी चर्नी रोडला थांबत नाही. मुंबई सेंट्रलला उतरून स्लो पकडायची.

7:30. गिरगाव, खोताची वाडी. लाकडी घरं, पुढे ओटा, बाहेरून चढणारा जिना. मे महिना सरत आलाय, आणि एका घराची बाल्कनी पावसाआधी उभी व्हायला हवी. घराच्या मालकीण आंटी चहा देतात. "मेस्त्री, आज खांब होईल ना?" "बघू आंटी. लाकूड काय म्हणतंय बघू."

8:15. मेस्त्री खांबाच्या बुडात पटाशी खुपसतात. दोन बोटं आत जाते. वीतभर वर मात्र साग खणखणीत. नवा खांब लावला तर काम दुपारपर्यंत संपेल. पण ही वाडी मुंबईच्या वारसा यादीत आहे. शहराची वारसा नियमावली 1995 साली आली, देशातली पहिली. दुरुस्तीच काय, नुसता रंग द्यायचा तरी महापालिका आयुक्तांची लेखी परवानगी आधी लागते. आंटींकडे जाडजूड फाईल आहे. फोटो, नकाशे, आर्किटेक्टची बिलं. मंजुरी आहे ती कुजलं तेवढंच बदलायला, तेही सागातच.

9:30. तुकडा ओशिवऱ्याच्या जुन्या बाजारातला. कुठल्यातरी पाडलेल्या चाळीची तुळई. दीड फुटाचे 1,900 रुपये, टेम्पोचे वेगळे. आधी त्यातले खिळे शोधायचे. मेस्त्री लोहचुंबक फिरवतात, मग बोट फिरवतात. भरवसा बोटावरच. सात खिळे निघतात. आठवा रंध्याला सापडतो. पात्याला खड्डा. अर्धा तास धार लावण्यात जातो. या अर्ध्या तासाचे पैसे कुठल्याच बिलात लिहिता येत नाहीत.

1:00. डबा. चपाती, सुका जवळा. मेस्त्रींचा मुलगा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवतो. एका दिवसात चार. बापापेक्षा जास्त कमावतो.

2:00. बाल्कनीला खालून टेकू. कुजका भाग कापला. आता सांधा. काप तिरका, उतार बाहेरच्या अंगाला. पाणी आत मुरता कामा नये. वरच्या खांबाला कूस, ती बसायला तुकड्यात साल नावाची खाच. बसवून बघायचं, काढायचं, कागदाच्या जाडीएवढं तासायचं. परत बसवायचं. हाताखालचा पोऱ्या कंटाळून मोबाईल काढतो. मेस्त्री काही बोलत नाहीत, रंधा त्याच्या हातात देतात.

5:10. सांधा बसला. दोन सागवानी खुंट्या ठोकल्या. टेकू काढला. बाल्कनी कुरकुरली नाही. आंटी खाली उभ्या राहून बघतात, वर यायचं धाडस करत नाहीत.

6:00. हिशेब. मेस्त्रींचे 1,300, पोऱ्याचे 800. आंटी नोटा दोनदा मोजतात. अजून तीन खांब बाकी. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनला पोचतो. रंगाची परवानगी अजून आलेली नाही. उघडं लाकूड भिजून चालणार नाही, म्हणून मेस्त्रींनी निघण्याआधी तुकड्यावर बेलतेलाचे दोन हात मारलेत. तेलाचे पैसे उद्याच्या हिशेबात.